डीकन मार्चपर्यंत ठेवतात

डीकन जातीचं सफरचंद ऑक्टोबरात खाणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर पैज हरलेला. साल इतकी जाड की दात आधी घसरतात आणि मग अडकतात. आत कोरडा, हिरवट गर, आणि आंबट असा की डोळे आपोआप मिटावेत. स्लेट हिलच्या चर्चमध्ये फार पूर्वी एक डीकन होता, म्हणजे चर्चचा कारभार बघणारा वडीलधारा. त्याच्या स्वभावावरून या फळाला नाव पडलं म्हणतात. त्या डीकनच्या तोंडी लागायची सोय नव्हती आणि या डीकनला तोंड लावायची.

झाड मात्र चिवट. वर्मॉन्टच्या त्या उत्तर टोकाला जानेवारीत दाराची कडी हाताला चिकटते, तिथे ते उघड्या उतारावर वारा खात उभं असतं आणि त्याचं काही बिघडत नाही. मे महिन्यात बाकीची झाडं उतावीळ होऊन फुलतात आणि एका हिमाच्या रात्रीत सगळा मोहर घालवून बसतात. डीकन घाई करत नाही. सगळ्यांचं हसं होऊन गेलं की ते सावकाश फुलतं. एक वर्ष फांद्या मोडेस्तोवर फळ देतं आणि पुढचं वर्ष सरळ सुट्टी घेतं. मग खत घाला, हातापाया पडा, उपयोग नाही.

खरी गंमत फळ तोडल्यानंतरची. वाळक्या मेपलच्या पानांत थर लावून, पिंपात भरून ते तळघरात ठेवायचं आणि विसरून जायचं. नाताळात ते अजून रागातच असतं. फेब्रुवारीत जरा निवळतं. मार्चमध्ये गावसभेच्या सुमारास त्याची साल काळसर तुकतुकीत होते, हाताला तूप लागल्यासारखी वाटते, गर पिवळा होतो आणि आंबटाच्या मागून असा गोडवा येतो की ऑक्टोबरातलं फळ हेच यावर कुणाचा विश्वास बसू नये. तोवर शहाण्यासुरत्या सफरचंदांच्या केव्हाच सुरकुत्या पडून ती डुकरांपुढे गेलेली असतात.

म्हणूनच स्लेट हिलवर डीकन कुणी कुणाला उगाच देत नाही. एखाद्या पुरुषाने एखाद्या बाईला तिच्या तळघरात ठेवायला डीकन दिली, तर त्याचा अर्थ एवढाच की मार्चमध्ये ती खायला मी येईन आणि मग परत जाणार नाही. बाईने ती ठेवली की ठरलं. नको असेल, तर तिने ती लगेच शिजवून टाकायची. कुणी तोंडाने विचारत नाही, कुणी तोंडाने नाही म्हणत नाही, दोघांचीही अब्रू झाकलेली राहते. फार सोयीची रीत आहे. फक्त ती दोघांनाही ठाऊक असावी लागते.

ओरिन व्हीलॉकने तरुणपणी लोईसला अशीच एक टोपली दिली होती. लोईसने ती ठेवली, मार्चमध्ये ओरिन गेला, दोघांनी बसून त्याच सफरचंदांची एक अख्खी पाई संपवली आणि मे महिन्यात लग्न झालं. पुढे सगळा संसार झाला, पण ‘तू मला हवी आहेस’ हे वाक्य ओरिनने एकदाही उच्चारलं नाही, कारण गरजच पडली नाही. लोईस जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूर ओहायोत. ओरिन सत्तरी ओलांडलेला, ताठ, कमी बोलणारा; पण हल्ली तो सकाळी शेगडीला हवामान सांगायला लागला होता. शेगडी ऐकून घेत असे, पण उलट उत्तर देत नसे, आणि ओरिनला उलट उत्तराचीच सवय होती.

समोरच्या घरात सोलांज तिबो राहायला आली त्याला तीन हिवाळे झाले होते. सीमेपलीकडे शेरब्रुकला तिचं कपडे शिवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. मावशी वारली, घर हिच्याकडे आलं, आणि दुकान भाचीच्या हवाली करून ही बाई लाल लोकरी टोपी घालून स्लेट हिलवर हजर झाली. सोलांज बोलायची. पोस्टात बोलायची, दुकानात बोलायची, रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाडीला हात दाखवून थांबवून बोलायची. टेकडीवरच्या लोकांना आधी वाटलं हिला काही दुखतंय. मग सवय झाली. ओरिनने तिच्या शेगडीचं धुराडं नीट करून दिलं, तिने त्याला पिवळ्या वाटाण्याच्या सूपवर जेवायला बोलावलं, आणि तेव्हापासून दर गुरुवारी तो तिच्याकडे जेवायला जात असे. ती त्याला ‘मुस्यू व्हीलॉक’ म्हणायची, ते तिच्या भाषेतलं ‘श्रीयुत’, पण तिच्या तोंडी त्यात थोडी थट्टा असे. गुरुवार संपला की ओरिन पुढच्या गुरुवारची वाट बघायला लागे. यात नवल असं काही नव्हतं. त्याला ती हवी होती. जेवायला, वाद घालायला, सकाळी हवामान सांगायला, आणि तिने त्यावर काहीतरी वेडंवाकडं बोलावं म्हणून.

यंदा ओरिनच्या घरामागच्या झाडाचं भाराचं वर्ष होतं. ओरिनने शिडी लावून, हातमोजे घालून, एकेक फळ देठासकट तोडलं. त्यातली सगळ्यात मोठी, सगळ्यात गडद, एकही ओरखडा नसलेली निवडून त्याने टोपली भरली, वर कोरडी पानं घातली, दाढी केली आणि रस्ता ओलांडला.

सोलांजने दार उघडलं. “अरे देवा! मुस्यू व्हीलॉक, आज काय गुरुवार आहे का? आणि हे काय, दाढी?”

ओरिनने टोपली पुढे केली. “ठेवा,” तो म्हणाला.

“माझ्यासाठी? सगळी?”

“ठेवायची आहेत.”

“ठेवते की! मी काय परत करणार आहे? अहो, काय रंग आहे हा! जांभळा म्हणावा की काळा म्हणावा... या ना आत, कॉफी टाकते.”

पण ओरिन आत गेला नाही. एका दुपारात त्याने वर्षभराचं बोलून घेतलं होतं. तो घरी आला, बुटांसकट खुर्चीत बसला आणि किती तरी दिवसांनी स्वतःशीच हसला. तिने ठेवते म्हटलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी चर्चच्या तळमजल्यावर चिकन पाईचं जेवण असतं. लांबलचक टेबलं, कागदी चादरी, रस्सा, लाल भोपळा, कोबीची कोशिंबीर, आणि सगळी टेकडी एकमेकांच्या कोपराला कोपर लावून बसलेली. ओरिन आपली मोठी बहीण थर्झा हिच्या शेजारी बसला होता. थर्झा ऐंशीच्या घरातली, चणीने बारीक, जिभेने तिखट. टेकडीवर कुणाचं काय चाललंय हे तिला त्या माणसाच्या आधी कळायचं. टोपलीची बातमी तिला दुसऱ्याच दिवशी लागली होती. तेव्हापासून ती ओरिनकडे बघून नुसती मान डोलवत होती, आणि तिच्या बाबतीत तो आशीर्वादच समजायचा.

सोलांज आली ती दोन्ही हातांनी एक भलं मोठं मातीचं भांडं घेऊन. सफरचंदं शिजवून घोटून केलेला सॉस. डीकनच्या सालीशिवाय येत नाही असा त्याचा गुलाबीसर रंग बघूनच टेबलावरचे दोघे-तिघे एकमेकांकडे बघायला लागले. भांडं फिरलं. थर्झाने एक चमचा तोंडात घातला आणि तिचा चेहरा बटव्याची नाडी ओढल्यासारखा मिटला.

“कसा झालाय?” सोलांजने उभ्या उभ्या विचारलं. “मुस्यू व्हीलॉकची सफरचंदं आहेत! अख्खी टोपली लागली. आणि साखर? साखर विचारूच नका. ओततेय, ओततेय, आणि ही आपली आंबटच! पण म्हटलं, इतक्या प्रेमाने दिलीत तर वाया कशाला घालवायची, सगळ्यांच्याच पोटात जाऊ देत.”

सगळ्यांच्याच पोटात गेली. त्या तळमजल्यावर एवढी शांतता प्रार्थनेच्या वेळीही नसते. नकार देणाऱ्या बायका टेकडीवर पूर्वीही झाल्या होत्या, पण त्यांनी आपापल्या घरी, दार लावून, गुपचूप शिजवलं होतं. भांडं भरून चर्चमध्ये आणून, वर साखरेचा हिशेब सांगून, गावाला वाढणारी ही पहिलीच. समोर बसलेल्या एल्डन फार्नमने घसा साफ केला. एल्डन रस्त्यांची देखभाल बघायचा आणि ओरिनचा शाळेपासूनचा मित्र होता. “ओरिन,” तो म्हणाला, “बटाटे जरा इकडे दे.” स्लेट हिलवर याहून जास्त सहानुभूती कुणी कुणाला दाखवत नाही.

ओरिनने बटाटे दिले. मग त्याने स्वतःच्या वाटीतला सॉस शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्ला. दात आंबले. “बरा आहे,” तो म्हणाला, टोपी उचलली आणि बाहेर जाऊन आपल्या ट्रकमध्ये बसला. गाडी सुरू करायला त्याला जरा वेळ लागला. त्याला रडू आलं नाही. पण आपण म्हातारे आहोत हे त्याला इतकं स्वच्छ पूर्वी कधी कळलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तो सोलांजकडे गेला नाही. तिने फोन केला, त्याने लाकडं फोडायची आहेत म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही लाकडंच होती. तिसऱ्यांदा तिने विचारलं, “एवढ्या लाकडांचं करताय काय, मुस्यू व्हीलॉक, गलबत बांधताय?” त्यावर ओरिनने फोन ठेवून दिला, आणि मग तिचा फोन आला नाही.

आता कुणीही म्हणेल, की अरे बाबा, एकदा जाऊन विचार तरी. पण असं म्हणणारा स्लेट हिलवर वाढलेला नाही. डीकन ठेवायला द्यायचा अर्थ काय, हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही. बर्फ थंड असतो हे काय शिकवतात? सोलांजला ते माहीत नसेल, ही शंका साऱ्या टेकडीवर एकाच्याही मनात आली नाही. ओरिनच्या नाही, एल्डनच्या नाही, सर्वज्ञ थर्झाच्याही नाही.

“निदान नाताळापर्यंत तरी ठेवायची होतीस, बाई,” थर्झा ओरिनच्या स्वयंपाकघरात बसून, समोर नसलेल्या सोलांजला फटकारत होती. “लोकलाज म्हणून तरी.”

“जाऊ दे, थर्झा.”

“जाऊ कसं दे? सांगत होती काय, तर साखर किती लागली! अगं, नाही म्हणायचं तर म्हण, पण माणसाला आंबट कशाला म्हणतेस?”

“जाऊ दे म्हटलं ना.”

“तू असाच. लोईस गेली तेव्हाही तू ‘जाऊ दे’च म्हणालास.”

ओरिनने शेगडीत लाकूड घातलं. शेगडीशी बोलणं त्याने सोडलं होतं.

त्या वर्षी बर्फ लवकर आला आणि थांबायला तयार नव्हता. डीकनचं झाड थंडीला भीत नाही, पण त्याचा एक शत्रू आहे, आणि तो थंडीच्या पांघरुणाखालून येतो. रानउंदीर. वर बर्फ भुसभुशीत राहिला की ते खालून भुयारं काढत खोडापर्यंत पोचतात आणि साल कुरतडतात. खोडाभोवती गोल कडं पुरं झालं की झाड संपलं. वसंतात ते पालवतं, फुलतंही, आणि मग उन्हाळ्यात उभ्या उभ्या वाळून जातं. म्हणून प्रत्येक हिमवर्षावानंतर झाडाभोवती गोल गोल चालून बर्फ पायांनी दाबावा लागतो. दाबलेला बर्फ गोठून दगडासारखा होतो आणि उंदरांचे दात तिथे चालत नाहीत. ओरिनच्या आजोबांनी हे केलं, बापाने केलं, ओरिन दर हिवाळ्यात करत आला होता. बर्फात रुतू नये म्हणून जाळीचे जोडे पायात बांधून, मान खाली घालून, हात पाठीशी धरून, झाडाला फेऱ्या घालत.

जानेवारीत तो पायरीवरच्या बर्फावरून घसरला. हाड मोडलं नाही, पण गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि डॉक्टरांनी त्याला हलायची बंदी केली. थर्झाने त्याचा पलंग खाली, शेगडीजवळ आणवला आणि रोज डबा घेऊन यायला लागली. ओरिन पडल्या पडल्या खिडकीतून पडणारा बर्फ बघायचा. झाड घरामागच्या चढावर होतं; रस्त्यापलीकडूनही दिसे, पण खाली पलंगावरून दिसत नसे, फक्त जिन्यावरच्या खिडकीतून दिसे.

“थर्झा,” तो एकदा म्हणाला, “झाडाभोवती जरा...”

“मी? या वयात झाडाभोवती नाचू?”

“नाचायचं नाही. दाबायचं.”

“मी पडले तर तुझ्या शेजारी दुसरा पलंग टाकायला लागेल. मग आपल्या दोघांना डबा कोण आणणार, एल्डन? त्याला उकडलेलं अंडंही करता येत नाही.”

एल्डन दिवसरात्र रस्त्यांवरचा बर्फ काढत होता, त्याला सांगायला मन होईना. आजोबांचं झाड यंदा जाणार, असं ओरिनने मनाशी धरून टाकलं. ते वाईट होतंच. पण त्याला त्याहून वाईट वाटत होतं ते हे, की आपल्याला आता त्याचंही फारसं काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्झा वरून पांघरूण आणायला गेली आणि जिन्यावरच थांबली.

“ओरिन.”

“काय?”

“तुझ्या झाडाभोवती कुणीतरी फिरतंय.”

“कोण?”

थर्झाने काचेवरची वाफ पुसली. “लाल टोपी आहे,” ती म्हणाली. मग तिने काचेला नाक लावलं. “जोडे उलटे बांधलेत बाईने. पडली. उठली. परत फिरतेय.”

नंतर प्रत्येक बर्फानंतर तेच. थर्झा जिन्यावरून सांगायची आणि ओरिन खाली ऐकायचा. आज हातात काठी आहे. आज हात पाठीशी धरलेत, अगदी तुझ्यासारखे. आज काहीतरी पुटपुटतेय. ओरिन डोळे मिटून पडून राही. ज्या बाईने आपल्याला भर जेवणात नाही म्हटलं, ती आपलं झाड उंदरांपासून का वाचवते आहे? दया असेल. शेजारधर्म असेल. दया आली म्हणून कुणी असं वारंवार पडत, उठत फिरतं का? त्याने या प्रश्नाचा सगळ्या बाजूंनी विचार केला आणि विचार करून करून तो जिथे होता तिथेच राहिला. शेवटी थर्झाच वैतागली.

“जाऊन विचार तिला,” ती म्हणाली.

“काय विचारू?”

“का फिरतेस म्हणून. तेवढं तर विचारशील? ते काही डीकन द्यायच्या रीतीत बसत नाही, त्याला तोंड उघडलं तरी चालतं.”

फेब्रुवारी संपत आला तेव्हा गुडघा वाकायला लागला. एका उन्हाच्या दुपारी ओरिन काठी टेकत आधी झाडापाशी गेला. खोडाभोवतीचा बर्फ काचेसारखा कडक होता. त्याने काठीच्या टोकाने बुंध्याशी थोडा फोडून पाहिला. साल शाबूत होती, दाताची एक खूण नव्हती. तो खोडाला हात लावून उभा राहिला. मग रस्ता ओलांडून त्याने सोलांजचं दार वाजवलं. दाढी केलेली नव्हती.

सोलांजने दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवले. “आलात? संपली लाकडं?”

“आत येऊ का?”

“गुडघा बघू आधी. असा मुडपू नका, इथे बसा. नाही, त्या खुर्चीत नाही, ती डगमगते, तुम्ही आलात की दुरुस्त कराल म्हणून ठेवलीय, तर तुम्ही येतच नाही.” तिने कॉफी ओतली. तिचा आवाज नेहमीचा होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती.

“तुम्ही झाडाभोवती फिरत होतात,” ओरिन म्हणाला.

“हो. रागावलात? मला माहितीय, ते तुमचं खासगी आहे. परक्या माणसाने करू नये. पण तुम्ही अंथरुणात, थर्झाबाईंना जमायचं नाही. म्हटलं खंड पडायला नको.”

“खंड?”

“तुमच्या बायकोच्या आठवणीसाठी फिरता ना तुम्ही? मी तीन वर्षं बघतेय या खिडकीतून. बर्फ पडला की लगेच, मान खाली घालून, गोल गोल. आमच्याकडे मेणबत्ती लावतात, तुमच्याकडे झाडाभोवती फिरत असतील. मला प्रार्थना माहीत नव्हती, म्हणून मी आपली आमचीच म्हटली. लोईसबाई समजून घेतील म्हटलं.”

ओरिन तिच्याकडे बघत राहिला. पोटातून काहीतरी वर येत होतं आणि ते हसू आहे हे कळायला त्याला वेळ लागला, इतके दिवस ते आलं नव्हतं.

“उंदीर,” तो म्हणाला.

“कोण उंदीर?”

“उंदीर साल खातात. बर्फाखालून येतात. बर्फ दाबला की येत नाहीत. म्हणून फिरतो मी. लोईसचा संबंध नाही.”

सोलांजचं तोंड उघडं राहिलं. “म्हणजे मी महिनाभर उंदरांसाठी प्रार्थना म्हटल्या?” आणि मग तिला हसू फुटलं ते थांबेना, ओरिनही हसला, गुडघा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसणं ओसरल्यावर सोलांजने ॲप्रनला डोळे पुसले आणि आता तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“मग आता हेही सांगून टाका,” ती म्हणाली. “माझ्या सॉसमध्ये एवढं काय वाईट होतं? सगळं गाव गप्प झालं, तुम्ही एक वाटी खाऊन पळालात ते पुन्हा फिरकला नाहीत. मला आंबट झाला होता ते मान्य आहे. पण अहो, सॉस आंबट झाला म्हणून कुणी माणसाचं नाव टाकतं का? मी रडले आहे त्यावरून. सॉसवरून! या वयात!”

ओरिनच्या हातातला कप थांबला. स्वयंपाकघरात शेगडीवर काहीतरी सावकाश शिजत होतं. सगळा हिवाळा त्याच्या डोळ्यांसमोरून उलटा गेला, ती टोपली, ते ‘ठेवते की’, चर्चमधली ती शांतता, आणि हिला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी छातीवरची एक शिळा उठली.

“सॉस करायचा नव्हता,” तो म्हणाला.

“मग काय करायचं होतं? कच्ची खायची? माझे दात बघा!”

“ठेवायची होती. तळघरात. मार्चपर्यंत.”

“मार्चमध्ये काय होतं?”

आता आलं. लोईसच्या वेळी हे कुणी विचारलं नव्हतं. आजीने आजोबांना विचारलं नव्हतं, आईने बापाला नव्हतं. या टेकडीवर या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ व्हीलॉकांच्या घराण्यात कुणावर आली नव्हती, आणि ओरिनला आपल्या साऱ्या पूर्वजांचा जरासा रागच आला.

“मार्चमध्ये मी आलो असतो,” तो म्हणाला.

“खायला?”

ओरिनने कप खाली ठेवला. “राहायला.”

सोलांज तिबो पहिल्यांदाच काही बोलली नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली, हातातला चमचा तसाच धरून. ओरिनला जन्मभर शांततेची भीती वाटली नव्हती. ही शांतता मात्र त्याला सहन होईना. तो घाईघाईने बोलायला लागला, पुढचंमागचं न बघता.

“इथे तशी रीत आहे. ठेवली तर हो. शिजवली तर नाही. मला वाटलं तुम्ही नाही म्हणालात. तुम्हाला ठाऊक नसेल असं डोक्यातच आलं नाही. चूक माझी आहे. माझ्या पिंपात अजून आहेत, पण त्यांचा उपयोग नाही, ती तुमच्याकडेच ठेवलेली असायला हवीत. आणि येत्या वर्षी झाड सुट्टीवर जाणार. म्हणजे त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात मी तुम्हाला रीतसर टोपली आणून देतो, मग तुम्ही विचार करा, आणि मग त्याच्या पुढच्या मार्चमध्ये जर का तुम्ही...” तो बोटांवर मोजायला लागला.

“ओरिन,” सोलांज म्हणाली.

मुस्यू नाही, व्हीलॉक नाही. ओरिनची बोटं थांबली.

“तुझी सफरचंदं ठेवली की गोड होतात,” ती म्हणाली. “मी ठेवून गोड होणाऱ्यातली नाही. मला ठेवलं तर मी म्हातारी होते फक्त, आणि तूही. ऊठ. गुडघा सांभाळून जा, आणि तुझे कपडे घेऊन ये.”

“आत्ता?”

“आत्ता.”

ओरिन काठी धरून उठला. दारापर्यंत गेला आणि कडीवर हात ठेवून थांबला. रीत ती रीत. ती एकदम मोडणं त्याच्या जिवावर येत होतं.

“अजून फेब्रुवारीच चालू आहे,” तो म्हणाला.

“मग जरा आंबट लागशील,” सोलांज म्हणाली. “मला चालेल.”